तांदळाचे सहा रविवार

"तुमच्या देवाची योजना तुमच्यापाशीच ठेवा, फादर. मी नळ बसवणारा माणूस आहे. माझ्या हातचा जोड सुटला आणि गिऱ्हाइकाचं घर भिजलं, तर 'असंच व्हायचं होतं' असं सांगून मी जिना उतरत नाही. चुकलं म्हणतो, पाना उचलतो आणि ओल्या लादीवर बसतो."

"दुःखात माणूस वाटेल ते बोलतो," थोरले फादर म्हणाले. "देवाला ती त्याच्या बागेत हवी होती, असं समज."

"बागेत? चार वर्षांच्या पोरीला नऊ दिवस तापात भाजून? माळी आहे की कोण आहे तो?"

हे पुढच्या खोलीत चाललं होतं आणि ती स्वयंपाकघरात दाराआड उभी होती. लेकीला पुरून तिसरा दिवस. बाहेर जावं, नवऱ्याला गप्प बसवावं, नाहीतर फादरांना तरी, असं तिच्या मनात आलं नाही. मनात काहीच आलं नाही. हातात लांब दांड्यांचा लोखंडी साचा होता, साच्यात पीठ होतं आणि साचा शेगडीवर होता. थोड्या वेळाने पुढच्या खोलीतले दोघेही एकदम म्हणाले, "काहीतरी जळतंय." त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

फादर टोपी घेऊन उठले. नवऱ्याने त्या दिवसापासून चर्चमध्ये पाऊल टाकणं सोडलं. आणि तिने करपलेला पापुद्रा सुरीने खरवडला, साचा पुसला आणि पुन्हा शेगडीवर ठेवला. शनिवार तोंडावर आला होता.

ती चर्चसाठी ओस्त्या करायची. ओस्ती म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, फादर दोन्ही हातांनी उचलून धरतात ती पांढरी, गोल, कागदासारखी पातळ भाकर. वेदीवर फादरांनी प्रभूचे शब्द उच्चारले की ती भाकर राहत नाही, प्रभूचं शरीर होते, आणि मग रांगेने येणाऱ्या प्रत्येकाला परमप्रसाद म्हणून मिळते. तिच्या आधी हे काम सासूकडे होतं. सासूने पहिल्याच दिवशी साचा हातात देऊन बजावलं होतं, "गहू आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, तेलाचं बोटसुद्धा नाही. प्रभूने शेवटच्या जेवणाला गव्हाची भाकर हातात घेतली होती. दुसऱ्या कशाचं पीठ घेतलंस, तर फादर कितीही बोलले तरी भाकरीची भाकरच राहते. बाकी आयुष्यात काय मिसळायचं ते मिसळ."

काम दिसायला सोपं. पीठ तीनदा चाळायचं, सायीपेक्षा जरा पातळ कालवायचं, चमचाभर साच्यात सोडायचं आणि दांडे आवळायचे. निघालेला पापुद्रा ओल्या फडक्याखाली निजवायचा, नाहीतर कापताना ठिकऱ्या उडतात. मग धारेच्या पितळी नळीने एकेक गोल कापायचा. फादरांची मोठी वेगळी, लोकांच्या लहान वेगळ्या. कापून उरलेल्या कडा गल्लीतली मुलं मागून न्यायची, म्हणून सगळे तिला पापुद्रेमावशी म्हणत. कुणी चेष्टेने म्हणे, कुणी मायेने. ती दोन्हीला ओ द्यायची.

तिची शाळा दुसरीपर्यंत. लहानपणी रविवारच्या धर्मशिक्षणाला सिस्टर घोकून घेत की देवाने माणसाला कशासाठी घडवलं. तर त्याला ओळखायचं, त्याच्यावर प्रेम करायचं, त्याची सेवा करायची आणि शेवटी त्याच्यापाशी जाऊन राहायचं. सिस्टरांनी एका दमात म्हणायला शिकवलं होतं, तिला जगताना ते सुटं सुटं करावं लागलं. ओळखणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. प्रेमाचं म्हणाल, तर लेक पुरून आलेल्या बाईला ते विचारू नये. राहिली सेवा. सेवेला पीठ, पाणी आणि शेगडी पुरते.

लेक गेल्यापासून तिला फारसं काही वाटत नसे. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतात ना, तसं. फक्त तिची सुई उतरली नाही. खायची, हसायच्या जागी हसायची, नणंदेच्या टोमण्याला उलट टोमणा मारायची. आतून मात्र गालाला हात लावावा आणि गाल दुसऱ्याचाच लागावा, असं.

नवरा वाईट नव्हता. चर्चचा पन्हळ तुंबला की शिडी लावून तोच साफ करायचा, नळ गळला की वॉशर बदलायचा, पण बाहेरचाच. आतला गळला तर "तुमच्या माणसाला सांगा, खूप हुशार आहे म्हणतात," असं म्हणून हसायचा. शनिवारी ओस्त्यांचा डबा घेऊन तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालायचा, तिथे डबा तिच्या हातात द्यायचा आणि फाटकाला टेकून उभा राहायचा. "अहो, पायरीवर तरी बसा," ती म्हणायची. "नको. इथून पन्हळ चांगला दिसतो," तो म्हणायचा.

साचा शेगडीवर किती वेळ धरायचा याचं माप सासू वीस आकड्यांचं सांगून गेली होती. ही आकडे म्हणत नसे. 'ह्यांना परत आण' हे सहा वेळा म्हटलं की बरोबर वीस होतात, हे तिने पहिल्याच वर्षी शोधून काढलं होतं. सहा वेळा म्हणायचं, साचा उघडायचा. एकतीस वर्षं. त्यात ती मागत किती होती आणि भाजत किती होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग नवऱ्याचं आतडं बिघडलं. डॉक्टर म्हणाले, गहू बंद. गव्हाचा कणही पोटात गेला तरी त्रास होईल. आठवडाभर त्याने नाक मुरडलं, मग तांदळाच्या पिठाची पेज मुकाट्याने प्यायला लागला. गहू सोडून बरं वाटलं नाही आणि तांदळानेही वाटलं नाही. दुखणं आतून पोखरत गेलं. पाना पेलेनासा झाला, मग चमचा.

एकदा तिने ठरवलं की येत्या गुरुवारी पुढचे दीड महिने पुरतील एवढ्या ओस्त्या एकदमच करून टाकाव्यात, म्हणजे त्याच्यापाशी बसायला मोकळी. आदल्या दिवशी ती गिरणीत जाऊन दोन पुड्या घेऊन आली, एक चर्चसाठी गव्हाची, एक त्याच्यासाठी तांदळाची. गिरणीवाल्याने गव्हाच्या पुडीवर पेन्सिलीने फुली मारून दिली होती. घरी येऊन बघते तर नवरा पलंगाच्या काठाला धरून ओकतोय. पिशवी तिने दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि बादली आणली.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवीत हात घालून पुडी काढली, दोरा तोडला आणि चर्चच्या घासून ठेवलेल्या डब्यात पीठ ओतलं. पांढरं ते पांढरं. कालवलं, भाजलं. पापुद्रे साच्याला चिकटत होते. कापताना फडक्याखालचेसुद्धा तुटत होते, आणि रंग दुधासारखा आला होता. हाताला कळलं होतं. हाताने तिला सांगितलंही असेल. पण आतल्या खोलीतून तो कण्हत होता आणि ती दर कण्हण्याला "आले हो, आले," म्हणत होती. तुटलेले बाजूला काढले, धड असलेले डब्यात भरले, झालं. त्याच्या पेजेच्या डब्यात अजून अर्ध्याहून जास्त पीठ होतं, त्यामुळे दुसऱ्या पुडीची आठवण व्हायचं कारण नव्हतं. नंतर बाजारहाट नणंद करायला लागली, ती स्वतःची पिशवी आणायची. दारामागची पिशवी दारामागेच राहिली.

दोन आठवड्यांनी एका दुपारी नवरा म्हणाला, "अगं, त्या धाकट्या फादरला बोलाव."

ती वाटी पुसत होती. "का हो?"

"नळ गळतोय म्हणून सांग."

"कुठला?"

"किती प्रश्न विचारतेस. बोलाव म्हटलं ना?"

थोरले फादर जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटे फादर तीन गावं सांभाळायचे, इथे रविवारी मिस्सा आणि सोमवारी कचेरी. ते सायकलवरून आले, आत गेले, दार लावून घेतलं. ती स्वयंपाकघरात बसली. या वेळी दाराआड उभी राहिली नाही. पाऊण तास झाला. मध्ये एकदा आतून दोघांच्याही हसण्याचा आवाज आला. पापनिवेदनात हसण्यासारखं काय असतं, हे तिला कळेना. मग फादरांनी दार उघडून तिला हाक मारली.

नवऱ्याचे डोळे लाल झाले होते. त्याला उशीला टेकवून बसवलं होतं. फादरांनी गळ्यातल्या छोट्या डबीतून ओस्ती काढली, रविवारच्या वेदीवरची. नवऱ्याने तोंड उघडलं. एकतीस वर्षांनी. त्याने ती बराच वेळ तोंडात धरली, मग गिळली.

"पूर्वीपेक्षा चांगलं करायला लागलीस," तो तिला म्हणाला. "तोंडात ठेवल्या ठेवल्या विरघळलं."

"चूप बसा. देवाचं नाव घ्या."

"घेतलं की. पाऊण तास तेच चाललं होतं."

एकतीस वर्षं जे मागितलं ते तिच्या डोळ्यांसमोर झालं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आपल्याला आनंद होतोय का, याची वाट बघत राहिली. मग फादरांना चहा विचारला.

चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. अंत्यविधीची मिस्सा धाकट्या फादरांनीच केली, तिनेच भाजलेल्या ओस्त्यांची. पहिल्या बाकावर नणंद तिला कोपराने ढोसत होती. "वहिनी, रड ना गं. लोक बघतायत. मी एकटीच किती रडू?"

"तुला जमतंय, तू रड. माझ्या वाटचंही घे."

"दगड आहेस," नणंद रडता रडता म्हणाली, आणि तिच्या डोक्यावरची सरकलेली ओढणी नीट करून दिली.

तीन आठवडे गेले. एका शुक्रवारी सकाळी नणंदेचा पाय मुरगळला, म्हणून बाजारात जायला तिने दारामागची पिशवी काढली. पिशवी जड लागली. आत हात घातला तर पुडी. वर पेन्सिलीची फुली, दोरा जसाच्या तसा.

ती पुडी हातात घेऊन खुर्चीवर बसली. गव्हाची पुडी इथे आहे, तर मी काय भाजलं? उठून चर्चच्या पिठाचा डबा उघडला. तळाला उरलेलं चिमूटभर पीठ जिभेवर टाकून चावायला लागली. गव्हाचं पीठ चावत राहिलं की त्याची चिकट गोळी होते. हे चावलं आणि मुरून गेलं. पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा मुरून गेलं. मग पुडीचा दोरा सोडून त्यातलं चावलं. गोळी झाली.

म्हणजे पाच रविवार गावाने तांदूळ खाल्ला होता. आणि तिच्या नवऱ्याने.

 पण रडू आलं नाही, घाबरायलाही झालं नाही. डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सरकत होती. एकतीस वर्षांनी त्याने तोंड उघडलं आणि त्यात प्रभू गेलाच नाही, पेज गेली. ती रोज पाजत होती तीच पेज, फक्त भाजून. 'तोंडात विरघळलं' म्हणाला, ते काही उगीच नाही. आता तो जिथे गेला असेल तिथे, दाराशी कुणी विचारलं की परमप्रसाद घेऊन आलास का, आणि तो हो म्हणाला, तर? खोटं ठरेल बिचारा. चूक हिची, आणि खोटा तो.

त्या रविवारी ती चर्चमध्ये गेली आणि बोलली नाही. हे तिने कधी कुणापासून लपवलं नाही, म्हणून इथेही लपवायचं कारण नाही. मिस्सेआधी फादर भेटले होते, कपाळाला कपाळ लागेल एवढ्या जवळून बोलले होते, "बऱ्या आहात ना मावशी?" आणि ती म्हणाली होती, "बरी आहे." सांगितलं की खरं होणार होतं. लोकांचं काय, त्यांना पुढचा रविवार होता, नवऱ्याला नव्हता. रांग पुढे सरकली, जिभा बाहेर आल्या, आत गेल्या. शिंपी, त्याची म्हातारी आई, निवृत्त मास्तर. ती जागची उठली नाही.

"जात नाहीस?" नणंद कुजबुजली.

"पोट ठीक नाही."

"तुझंही?"

सोमवारी मात्र ती कचेरीत गेली. रात्रभर विचार केला, असं काही नाही; झोप छान लागली होती. सकाळी उठून तोंड धुताना तिला दिसलं की आता पीठ कालवायचे दिवस आले, आणि सांगितल्याशिवाय साचा हातात धरवणार नाही. बस. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात तुटलेल्या ओस्त्यांचा कागद.

धाकटे फादर नावनोंदणीच्या वहीत डोकं घालून बसले होते. तिने दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, रविवारच्या गप्प बसण्यासकट. फादरांनी एक तुकडा मोडला, जिभेवर ठेवला. बराच वेळ चावत राहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. खुर्चीत खाली घसरल्यासारखे बसले.

"सहा रविवार," ते म्हणाले. "सहा रविवार मी हे उचलून धरलं, मावशी. गुडघे टेकले त्याच्यापुढे."

"मला खरं सांगा, फादर. गोड करून सांगू नका. तो परमप्रसाद होता की नाही?"

"नव्हता."

"ह्यांना दिलात तो?"

"तोही नव्हता."

तिने मान हलवली. गिरणीवाल्याने आज पीठ नाही म्हटल्यावर हलवावी तशी. "मग ते रिकामेच गेले."

"असं मी म्हटलं नाही." फादरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्याने पापं सांगितली, मी क्षमेचे शब्द उच्चारले, ते पूर्ण झालं. त्याला पीठ लागत नाही. आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधीही केला मी, तुम्ही आत यायच्या आधी, तोही पूर्ण. राहिला परमप्रसाद. मला सांगा, त्याने तोंड उघडलं ते कशासाठी? तुमच्या पापुद्र्यासाठी?"

"पापुद्रे काय, घरभर पडलेले असायचे."

"मग?"

"प्रभूसाठी उघडलं असेल."

"असेल नाही, होतं. मी समोर होतो. माणूस खरोखर भुकेला होऊन प्रभूकडे तोंड वळवतो आणि आपल्या चुकीने त्याच्या जिभेवर दुसरंच काही पडतं, तर प्रभू काय पाठ फिरवून बसेल? संस्कार त्याने आपल्यासाठी ठरवले, आपल्याला पाळावेच लागतात. पण स्वतःचे हात त्याने त्यात बांधून घेतलेले नाहीत."

 "म्हणजे नळ लागतात ते आपल्याला," ती म्हणाली. "झऱ्याला नाही."

फादरांना हसू आलं. "हे कोण म्हणायचं? ते?"

"नाही. ते म्हणायचे, मुख्य वाहिनी कुठून येते ते कुणालाच माहीत नसतं, नगरपालिकेलासुद्धा."

"मी रविवारी तुमचंच वाक्य वापरीन."

"वापरा. पण एक सांगा. ही पुडी राहिली, हा घोळ झाला, यात देवाची काही योजना होती?" ती सरळ त्यांच्याकडे बघून विचारत होती. "ह्यांना गहू सोसत नव्हता. तांदूळ होता म्हणून पोटात राहिला, असं नणंद उद्या म्हणेल. तिला असलं सुचतं."

 बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावली, तो आवाज दोघांनी ऐकला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मोठा कट होता असं मी म्हणणार नाही. तुमच्या नवऱ्याने मला त्या पाऊण तासात त्या माळ्याची गोष्ट सांगितली. आम्ही हसलो ते त्यावरच. चूक तुमची आहे, मावशी. तपासलं नाही, ती माझी. तिला योजनेचा रंग लावू नका. मला एवढंच ठाऊक आहे की आपण चुकलो म्हणून देवाचं काम अडून बसत नाही. चुकलेल्या जागी तो आधीच येऊन बसलेला असतो. कसा, ते दिसत नाही बहुतेक वेळा."

"ओल्या लादीवर," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

तिला हे पटलं. अगदी सगळं पटलं. पटलं म्हणून आत काही हललं मात्र नाही. घड्याळात किती वाजले ते कळावं, तसं कळलं. नवरा रिकामा गेला नाही. ठीक आहे. तिने तुटक्या ओस्त्या कागदात गुंडाळल्या.

"सहा रविवारच्या आणि त्याच्या अंत्यविधीची, मिळून सात मिस्सा मी पुन्हा करीन," फादर म्हणाले. "पहिली त्याच्यासाठी. पण त्यासाठी ओस्त्या लागतील."

"माझ्याकडून?"

"दुसरं कोण करतं इथे? येत्या शनिवारी दीडशे. आणि पाच मोठ्या."

रविवारी फादरांनी लोकांना सरळ सांगितलं. तिचं नाव घेतलं नाही, म्हणाले, तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. चर्चमध्ये माना फिरायला लागल्या. फिरून फिरून जायच्या कुठे? गावात साचा एकच होता. ती तिसऱ्या बाकावरून उठून उभी राहिली. "पीठ माझ्या हातचं होतं," ती म्हणाली. "आणि गेल्या रविवारी मला माहीत होतं. तरी बोलले नाही."

"बस खाली," नणंदेने पदर ओढला, आणि मागच्या बाकाकडे वळून जरा मोठ्यानेच म्हणाली, "बघताय काय? आजारी नवरा होता घरात."

निवृत्त मास्तरांनी हात वर केला. सवय. "फादर, मग ते सहा रविवार माझे हजेरीत धरणार की नाही?"

"आलात ते देवाने पाहिलं, मास्तर."

"पाहिलं ना? मग झालं."

लोक हसले. शिंप्याची आई हसली नाही. वर्षभर तिने पापुद्रेमावशीला ओळख दाखवली नाही. म्हातारीचा धाकटा भाऊ त्याच महिन्यात गेला होता, त्याच डबीतून परमप्रसाद घेऊन. फादर तिच्या घरी जाऊन दोनदा बसले. तिला पटायला वर्ष लागलं, आणि पटलं तेही पूर्ण पटलं असं कुणी सांगू शकत नाही. पापुद्रेमावशीने त्या घरी एकदाच जाऊन माफी मागितली. दार उघडलं गेलं नाही. ती दाराला उद्देशून बोलली आणि परत आली.

नवऱ्याच्या मिस्सेसाठीच्या ओस्त्या तिने त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी केल्या होत्या. आधी चिमूटभर पीठ चावून गोळी होते का ते पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी पाहिलं. गोळी झाल्याशिवाय पाण्याला हात लावला नाही. साचा शेगडीवर धरला आणि सवयीने 'ह्यांना परत आण' म्हणायला लागली. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या ध्यानात आलं की आता हे मागण्यात अर्थ नाही, जे व्हायचं ते झालंय. दुसरं काहीतरी म्हणून पाहिलं. पापुद्रा एकदा कच्चा राहिला, एकदा करपला. शेवटी तेच शब्द पुन्हा घेतले. देवाला समजत असेल, नाहीतर माप म्हणून चालवून घेईल.

त्या मिस्सेला तिने परमप्रसाद घेतला. गव्हाचा, खरा. ओस्ती टाळ्याला चिकटली, तशी ती चिकटतेच. गुडघे टेकून तिने वाट पाहिली. पूर्वीसारखंच, सुई उतरली नव्हती. मागे लहान मूल किरकिरत होतं आणि पन्हळात कुठेतरी पानं अडकली होती, पाणी ठिबकत होतं. 'आलायस, ते कळलं,' असं ती मनात म्हणाली, आणि उठली. तिची प्रार्थना पुढे कायम एवढीच राहिली. कुणाला कोरडी वाटेल. तिच्यापाशी होती ती ही होती.

त्यानंतर तिने नऊ वर्षं ओस्त्या केल्या. धाकटे फादर बदलून गेले, दुसरे आले. नणंद आधी गेली. तिच्या वेळीही मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि 'रड ना' म्हणून ढोसायलाही आता कुणी नव्हतं. गुडघे धरले, तेव्हा साचा उभ्याने धरायचा सोडून स्टुलावर बसून धरायला लागली. शेवटी शेवटी एका दमात पन्नासच व्हायच्या, मग हात शेकायचे, मग पुढच्या पन्नास. कुणी म्हणे, आता शहरातून तयार पाकिटं मागवू या. ती म्हणायची, "मागवा की. मला बघायला तरी मिळतील." कुणी मागवली नाहीत.

ती एका सोमवारी सकाळी गेली, खुर्चीत, चपला घालता घालता. त्याआधीच्या शनिवारी चार वाजता ती नेहमीसारखी डबा घेऊन निघाली. कासाराच्या दुकानापाशी एकदा टेकली, शाळेच्या कट्ट्यावर एकदा. फाटक ढकललं, बाजूच्या दाराने वेदीमागच्या खोलीत गेली. तिथे मिस्सेच्या कपड्यांच्या घड्या घालणारा म्हातारा सेवक कप्पे पुसत होता.

"किती आहेत, मावशी?"

"एकशे वीस. मोठ्या चार. एक मोठी कडेला टवकलीय, ती वर ठेवलीय, फादरांना आधी दाखव."

"बसता का जरा?"

"बसले की उठवत नाही." तिने डबा वरच्या कप्प्यात सरकवला आणि मागच्या आठवड्याचा रिकामा डबा काखेत घेतला. "झाकण घट्ट लाव. हवा दमट आहे."

"लावतो."

"आत्ता लाव. मी बघते."

त्याने झाकण दाबून लावलं. तिने बोटाने कड चाचपून पाहिली आणि घरी गेली.